दुसरं ॲप उघडताना सगळा डेटा कमांड लाइनवरून का कोंबायचा?

उलटी_तिरपी
बिलिंगचं सॉफ्टवेअर लेबल छापायला एक एक्सई (चालवायची प्रोग्राम फाइल) उघडतं, पीडीएफ करायला दुसरी. दोघींना ग्राहकाचं नाव, रक्कम, प्रती आणि कधीकधी चक्क डेटाबेसचा पासवर्डही कमांड लाइनवर, म्हणजे प्रोग्राम उघडायच्या ओळीत, चिकटवून दिला जातो. माझं मत असं की उघडताना फक्त एका फाइलीचा पाथ द्यावा. बाकी सगळं त्या फाइलीत, जेसन (नाव आणि किंमत अशा जोड्यांचा साधा मजकूर) करून.

विंडोजला आर्ग्युमेंटांची (प्रोग्राम उघडताना दिलेल्या माहितीच्या तुकड्यांची) यादी हा प्रकारच ठाऊक नाही. क्रिएटप्रोसेस हे प्रोग्राम उघडायचं फंक्शन एक सलग ओळ पुढे ढकलतं आणि तिचे तुकडे समोरच्या प्रोग्रामने पाडायचे. लिनक्सचं तसलंच फंक्शन एक्झेकव्हीई तुकडे सुटेच पोचवतं, म्हणून तिकडच्या लोकांना आमचं रडगाणं कळत नाही. इथे सी रनटाइमचे (सी भाषेतल्या प्रोग्रामांच्या लायब्ररीचे) नियम वेगळे, सीएमडीचे (कमांड टाइप करायच्या काळ्या खिडकीचे) वेगळे, आणि जुना एखादा प्रोग्राम तर स्पेस दिसली की तोडून मोकळा. हे बघा:

"डी:\बिलं\जून महिना\" /प्रती 2

साधी ओळ आहे ना? पण अवतरणाच्या आधी बॅकस्लॅश आला की ते अवतरण मजकुराचा भाग ठरतं. शेवटचं अवतरण बंदच होत नाही आणि प्रतींचा आकडा फोल्डरच्या नावात जाऊन बसतो.

त्यात आपली देवनागरी. समोरचा प्रोग्राम जुन्या साध्या मेन फंक्शनने आर्ग्युमेंट घेत असेल, तर विंडोज ती एएनएसआय या जुन्या अक्षरपद्धतीत बदलून देतं, आणि देवनागरीला तसं कोडपेजच (अक्षरांचा तक्ता) नाही. लेबलवर ग्राहकाच्या नावाऐवजी प्रश्नचिन्हांची रांग छापून येते.

रात्रपाळी
पूर्ण असहमत. मी सपोर्टला बसते. ग्राहकाच्या मशीनवर टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये कमांड लाइनचा कॉलम लावला की कोणी कोणाला काय पाठवलं ते समोर दिसतं. ती ओळ उचलून काळ्या खिडकीत टाकली की बिघाड माझ्याकडेही तसाच घडतो. तुमच्या पद्धतीत मला काय दिसणार? टेंप या तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरमधला एक पाथ, आणि ती फाइल एव्हाना पुसलेली.

अवतरणांचा घोळ तुम्ही हाताने स्ट्रिंग जोडता म्हणून होतो. डॉटनेट कोअर 2.1 पासून तुकडे सुटे द्यायला आर्ग्युमेंटलिस्ट आहे, पायथनच्या सबप्रोसेसला सरळ लिस्ट देता येते. प्रश्नचिन्हांचं म्हणाल, तर विंडोज 10 च्या 1903 आवृत्तीपासून मॅनिफेस्टमध्ये (प्रोग्रामसोबतच्या माहितीत) यूटीएफ-8, म्हणजे सगळ्या लिप्या मावणारी अक्षरपद्धती, मागता येतं. शिवाय टेंप फोल्डर युजरच्या नावाखाली असतो. युजरने खात्याचं नावच मराठीत ठेवलं असेल तर तुमच्या पाथातही तीच प्रश्नचिन्हं.

उलटी_तिरपी
आमचं सगळं डॉटनेट फ्रेमवर्क 4.8 वर आहे, तिथे आर्ग्युमेंटलिस्ट नाही. मॅनिफेस्ट बदलायला समोरचा प्रोग्राम आपला हवा. आणि जे तुम्हाला दिसतं ते इतरांनाही दिसतं! लिनक्सवर पीएस ही प्रोसेसची यादी दाखवणारी साधी कमांड मारली की सहसा दुसऱ्या युजरच्या प्रोसेसची आर्ग्युमेंटंही दिसतात. विंडोजवर ऑडिट आणि त्यात कमांड लाइन नोंदवायची वेगळी सेटिंग चालू असेल तर 4688 नंबरच्या इव्हेंटमध्ये अख्खी ओळ नोंदवली जाते, पासवर्डासकट.

पाईपवाला
पासवर्डासाठी स्टँडर्ड इनपुट (चालू प्रोग्रामला मजकूर पुरवायची वाट) आहे की. प्रोसेस उघडा, पाइपमधून लिहा, बंद करा. डिस्कवर काही राहत नाही आणि पीएसमध्येही दिसत नाही.

सदाशिवपेठी_बिट
पाईपवाले, हे काळ्या खिडकीतल्या प्रोग्रामांपुरतं ठीक. समोरचं ॲप ॲडमिन म्हणून उघडायचं असेल तर शेलएक्झिक्यूट या फंक्शनमधून रनॲज करावं लागतं, आणि त्या वाटेने इनपुट वळवता येत नाही. हातात उरते तीच एक ओळ.

रात्रपाळीताई, लिस्ट दिली म्हणून निर्धास्त होऊ नका. समोर बॅच फाइल (कमांडांची यादी असलेली फाइल) असेल तर विंडोज गुपचूप सीएमडी उघडतं आणि त्याचे नियम निराळे. 2024 च्या एप्रिलमध्ये रस्ट या प्रोग्रामिंग भाषेला याच कारणाने घाईने 1.77.2 आवृत्ती काढावी लागली. आर्ग्युमेंटं लिस्टमधूनच दिलेली होती, तरी नीट रचलेला मजकूर दिला की भलतीच कमांड चालायची. लांबीचंही बघा: क्रिएटप्रोसेसला 32,767 अक्षरं चालतात, सीएमडीला 8,191. शंभरेक फाइलींचे लांब पाथ एकदम दिले की सीएमडीची हद्द सहज ओलांडते.

रात्रपाळी
बॅच फाइलीचं मान्य. पण मग बॅच फाइल वापरू नका! त्यासाठी सगळ्यांनी जेसन लिहीत बसायचं? दोन आकडे आणि एक नाव पाठवायचं असतं हो बहुतेक वेळा. पासवर्ड कमांड लाइनवर नको, एवढंच मी मान्य करीन.

उलटी_तिरपी, तुमची फाइल पुसणार कोण आणि कधी, ते अजून सांगितलं नाहीत. ॲप मध्येच कोसळलं तर ग्राहकांची नावं आणि रकमा टेंपमध्ये महिनोन्‌महिने पडून.

उलटी_तिरपी
ज्याने लिहिली त्याने पुसायची. उघडलेली प्रोसेस संपेपर्यंत थांबायचं, संपली की डिलीट. चार ओळींचा कोड आहे.

सदाशिवपेठी_बिट
समोरचं ॲप आधीच उघडं असेल तर? बरीच ॲपं एकच खिडकी ठेवतात. नवी प्रोसेस म्यूटेक्स (ॲप आधीच उघडं असल्याची खूण) बघते, मिळालेली आर्ग्युमेंटं नेम्ड पाइपने किंवा डब्ल्यूएम कॉपीडेटाने (प्रोसेसांनी एकमेकींना निरोप द्यायच्या वाटा) जुन्या खिडकीकडे सोपवते आणि क्षणात बंद होते. तुमच्या चार ओळींना वाटणार काम झालं, आणि जुनी खिडकी फाइल उघडायला जाईपर्यंत तुम्ही ती पुसलेली. पाथ रिलेटिव्ह (चालू फोल्डरपासून मोजलेला) असेल तर आणखी मजा, कारण जुन्या खिडकीचा चालू फोल्डर वेगळाच असतो.

उलटी_तिरपी
मग वाचणाऱ्याने पुसावी.

रात्रपाळी
लेबलवाली एक्सई बाहेरच्या कंपनीची आहे ना? त्यांना कोण सांगणार? आर्ग्युमेंट बदलून घ्यायलाच आम्हाला दोन वेळा कोटेशन आलं होतं.