शब्दचर्चा: ‘अनकॅश्ड बफर्ड राइट’ला मराठीत काय म्हणावं?

मूळ प्रश्न

लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) फाइल कशी लिहितो, यावर मराठीत टिपणं करतो आहे. सी भाषा बऱ्यापैकी येते, पण कर्नलचा पॅच, म्हणजे कोडमधल्या बदलाचा प्रस्ताव, समोर आला की कुठून वाचायला सुरुवात करावी ते कळत नाही, अशा विद्यार्थ्यांसाठी. सगळं ठीक चाललं होतं, ते ‘अनकॅश्ड बफर्ड राइट’पाशी येऊन अडलं.

विषय नवा असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नेहमीच्या राइटमध्ये प्रोग्रॅमने दिलेला मजकूर आधी पेज कॅशमध्ये, म्हणजे रॅममधल्या पानांत उतरतो. एक पान साधारण ४०९६ बाइटांचं. पानावर ‘डर्टी’ अशी खूण होते, राइट परत येतो (म्हणजे प्रोग्रॅम पुढच्या कामाला मोकळा होतो) आणि डिस्कवर लिहायचं काम कर्नल मागून उरकतो. मूळ सेटिंगमध्ये हे काम करणारा फ्लशर दर ५ सेकंदांनी जागा होतो आणि ३० सेकंदांहून जुनी डर्टी पानं उचलतो. लिहून झाल्यावरही पान रॅममध्येच असतं, कारण कुणीतरी ते पुन्हा वाचेल. बॅकअप किंवा व्हिडिओसारखा मजकूर मात्र एकदा लिहिला की सहसा लगेच कुणी वाचत नाही. तो जागा अडवतो आणि खरोखर लागणारी पानं बाहेर जातात.

यावर कर्नलचे एक विकासक येन्स अ‍ॅक्सबो यांनी २०१९ मध्ये आरडब्ल्यूएफ_अनकॅश्ड नावाचा फ्लॅग, म्हणजे राइटसोबत द्यायची सूचना, सुचवला होता: मजकूर पेज कॅशमधूनच जाऊ दे, पण लिहून झाल्यावर पान तिथे ठेवू नको. हेच ‘अनकॅश्ड बफर्ड राइट’. तेव्हा तो मुख्य कर्नलमध्ये गेला नाही. २०२४ च्या अखेरीस त्यांनी काम पुन्हा हाती घेतलं, तपासणीच्या फेऱ्यांमध्ये नाव बदलून आरडब्ल्यूएफ_डोन्टकॅश झालं, आणि मार्च २०२५ मध्ये आलेल्या ६.१४ आवृत्तीत ते मिळालं.

मी सध्या ‘साठाविरहित लेखन’ लिहिलं आहे, पण पटत नाही. ‘डर्टी’ला आणि ‘रिव्ह्यू’लाही चांगले शब्द सुचवा.

प्रतिसाद

‘थेट लेखन’ कसं वाटतं? छोटं आहे, कुणालाही कळेल. आणि ‘कॅश’ हा शब्द टाळता आला तर बरंच. मराठीत रोकडही कॅश आणि हीही कॅश. ‘अनकॅश्ड’ वाचल्यावर पहिल्यांदा न वटलेला चेकच आठवतो.

प्रतिसाद

‘थेट’ कृपया नको. ती जागा ओ_डायरेक्ट या दुसऱ्या, जुन्या फ्लॅगची आहे आणि तिथे तो शब्द अगदी चपखल बसतो. ओ_डायरेक्टमध्ये मजकूर पेज कॅशला वळसा घालून तुमच्या बफरमधून सरळ डिस्ककडे जातो. त्यासाठी बफरचा पत्ता, फाइलमधली जागा आणि लांबी हे सगळं साधारणपणे ५१२ किंवा ४०९६ च्या पटीत बसवावं लागतं. इथे तशी काही अट नाही. ७०० बाइट लिहायचे असले तरी चालतात, कारण मजकूर पेज कॅशमधूनच जातो. विद्यार्थ्याने ‘थेट’ वाचलं तर तो नसलेल्या अटी पाळत बसेल.

‘साठाविरहित’चीही तीच अडचण आहे. साठा होतो, फक्त टिकत नाही.

माझ्या मते ‘बफर्ड’ आणि ‘अनकॅश्ड’ हे शब्द दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात, म्हणून ते शेजारी नांदू शकतात. बफर्ड म्हणजे मजकूर कोणत्या वाटेने गेला, तर पेज कॅशमधून. अनकॅश्ड म्हणजे काम झाल्यावर त्याचं काय केलं, तर तिथे राखला नाही. तेव्हा क्रियापदाने सांगा: ‘कॅशमधून लिहायचं, पण कॅशमध्ये राखायचं नाही.’ ‘राखणे’ यात बरोबर अर्थ आहे. नामच हवं असेल तर ‘न राखता लेखन’. कानाला थोडं खटकेल, पण चुकीचं शिकवणार नाही.

प्रतिसाद

+१. ‘राखणे’ आवडलं.

प्रतिसाद

मी कामाचा भाग म्हणून असे पॅच वाचतो, त्यामुळे ‘राखणे’च्या बाजूने आणखी एक गोष्ट सांगतो. कोडच्या आत या पानांवर (आता खरं तर फोलिओवर, म्हणजे एका किंवा अनेक पानांच्या गठ्ठ्यावर) जी खूण होते तिचं नाव ‘ड्रॉपबिहाइंड’ आहे. ‘रीडअहेड’ म्हणजे लागण्याआधीच पुढचं वाचून ठेवणं, आणि हे त्याच्या उलट, काम झालेलं मागे सोडत जाणं. आमच्याकडे बोलताना सगळे ‘पान सोडलं’ असंच म्हणतात. राखणे आणि सोडणे ही जोडी छान जमते.

मात्र ‘सोडतोच’ असं टिपणात लिहू नका. कोडमध्ये तशी हमी नाही. फोलिओ आधीपासूनच कॅशमध्ये असेल तर या राइटने त्यावर सोडण्याची खूण होत नाही. दुसऱ्या कुणाला तो कामाचा होता, असं धरलं जातं. नवा फोलिओ तयार झाला, खूण झाली आणि मधल्या वेळात हा फ्लॅग न वापरणारा दुसरा प्रोग्रॅम त्याच फोलिओपाशी आला, तर खूण पुसली जाते. म्हणून ‘अनकॅश्ड’पेक्षा ‘डोन्टकॅश’ मला जास्त खरं वाटतं. पहिलं नाव स्थिती सांगतं, दुसरं विनंती करतं. फाइलसिस्टमची (डिस्कवर फाइली मांडणाऱ्या भागाची) या सोयीला तयारी नसेल तर राइट गुपचूप नेहमीच्या पद्धतीने होत नाही, ईओपीनॉटसप (‘ही सोय इथे नाही’) हा एरर मिळतो. हे मला फार योग्य वाटतं.

आता रिव्ह्यूबद्दल. ‘पुनरावलोकन’ हा शब्द भाषांतराच्या यंत्रातून आल्यासारखा वाटतो, ‘समीक्षा’ म्हटलं की कवितासंग्रह आठवतो. बोलताना ‘रिव्ह्यूला टाकलाय’ हेच ऐकू येतं आणि त्यात काही वावगं नाही. लिहिताना मी ‘तपासणी’ वापरतो. तपासणी म्हणजे काय ते एका जागेवर दाखवतो, कारण शब्दाचं वजन त्यातूनच कळेल.

या फ्लॅगने राइट केलं की मजकूर उतरल्यावर लगेच डिस्कवर लिहायला चालना मिळते, आणि ते पुरं व्हायची वाट न बघता राइट परत येतो. लिहिणं संपलं की फोलिओ सोडायचा. त्यासाठी त्याचं कुलूप (लॉक, म्हणजे एका वेळी एकानेच हात लावावा यासाठीची सोय) हवं. कर्नल ते घेऊन बघतो, मिळालं नाही तर थांबत नाही, पान आहे तिथे राहू देतो. मिळालं तर सोडतो. वाचताना सगळं सरळ वाटतं. तपासणाऱ्याने इथे विचारायचा प्रश्न असा: लिहिणं संपलं त्या क्षणापासून कुलूप हातात येईपर्यंत मध्ये काय काय घडू शकतं? दुसरा कुणी त्याच फोलिओत लिहून जाऊ शकतो. तो पुन्हा डर्टी होऊ शकतो, पुन्हा डिस्ककडे निघालेलाही असू शकतो. म्हणजे ‘हा डर्टी आहे का, याचं लिहिणं चालू आहे का’ ही विचारणा कुलूप मिळाल्यानंतर करायला हवी. आधी मिळालेलं उत्तर शिळं. ही दुरुस्ती ६.१४ नंतर, २०२५ मध्येच आली. एवढ्या अनुभवी लोकांच्या हाताखालून गेलेल्या कोडमध्येही ही फट राहिली होती, यावरून ‘तपासणी’ किती बारीक काम आहे ते दिसतं. अशा ठिकाणी पॅचची ओळ न् ओळ वाचून भागत नाही, दोन ओळींमधला वेळ वाचावा लागतो.

पॅचखाली येणाऱ्या ‘रिव्ह्यूड-बाय’ला मात्र ‘प्रमाणित’ म्हणू नका. कर्नलच्याच नियमावलीत स्पष्ट आहे की ते तपासणाऱ्याचं मत आहे: मी पाहिलं, मला गंभीर तांत्रिक अडचण उरलेली दिसत नाही. चालेलच याची हमी त्यात नाही. ‘तपासले’ आणि पुढे नाव, एवढं पुरे.

मूळ प्रश्नकर्ता

मनापासून आभार. ‘दोन ओळींमधला वेळ’ टिपणात घेतो, तुमची हरकत नसेल तर. ‘डर्टी’ अजून राहिलं आहे. ‘मलिन’ लिहिलं होतं, पण त्यात दोष आल्यासारखा वाटतो. पानात बिघाड काहीच नसतो.

प्रतिसाद

आमच्या घरी पेढी होती, त्यामुळे मला तरी ‘खतवायचं राहिलेलं’ हेच सुचतं. व्यवहार आधी रोजकीर्दीत येतो आणि मागून खतावणीत जातो. कीर्दीतली नोंद खरी असते, ताजी असते, फक्त खतावणीला अजून ठाऊक नसते. डर्टी पान तसंच आहे. रॅममधलं खरं, डिस्कवरचं जुनं. आणि ‘राइटबॅक’, म्हणजे डर्टी पान डिस्कवर लिहिणं, हे खतवणं.

प्रतिसाद

वा! एकदा समजवायला उत्तम. रोजच्या लिखाणात मी ‘डर्टी’च ठेवेन, कारण कोडमध्ये, एरर मेसेजांत आणि सेटिंगच्या नावांत मुलांना तोच दिसणार आहे. डर्टी_रेशो ही सेटिंग शोधायची तर ‘डर्टी’ माहीत हवं.

एक सूचना. टिपणात ठळक लिहा की न राखता लिहिलं म्हणजे डिस्कवर सुखरूप पोचलं असं नाही. राइट परत आला तेव्हा लिहायला फक्त सुरुवात झालेली असते. वीज गेली तरी मजकूर हवा असेल तर एफसिंक (मजकूर डिस्कवर पोचेपर्यंत थांबायला लावणारा आदेश) आधीसारखंच लागतं. ‘कॅशमध्ये नाही, म्हणजे डिस्कवर असणार’ ही समजूत मी फार जणांत पाहिली आहे, आणि ती नावामुळेच होते.

मूळ प्रश्नकर्ता

हे घातलंच पाहिजे. शेवटची शंका: फोलिओ सोडताना कोडमध्ये ‘इनव्हॅलिडेट’ येतं. ‘अवैध ठरवणे’ लिहू का?

प्रतिसाद

नको, ती कोर्टाची भाषा झाली. पानातला मजकूर त्या क्षणी बरोबरच असतो, डिस्कवरही तोच असतो. इथे इतकंच होतं: एखाद्या प्रोग्रॅमने ते पान एममॅप करून आपल्या पत्त्यांत जोडून घेतलं असेल तर आधी तो जोड काढतात, मग फाइलच्या कॅशमधून पान वेगळं करतात आणि रॅम मोकळी होते. ‘कॅशमधून काढणे’ म्हणा.