धागा: तुमच्या गल्लीतलं पार्किंग. पाट्या, पावत्या, भांडणं... अनुभव लिहा

निशिगंध_पुणे
परवा सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी फोटो टाकला. गल्लीच्या तोंडाशी दोन नव्याकोऱ्या पाट्या, पी वन आणि पी टू, म्हणजे सम-विषम तारखांचं पार्किंग. खाली लगेच मेसेजचा पाऊस. "कोणी ठरवलं?", "आम्हाला विचारलं का?", मध्येच एक शुभ सकाळ. मला मात्र बाबा आठवले.

आम्ही तेव्हा पेठेत राहायचो. वाडा पाडून झालेली इमारत, पार्किंग म्हणजे जिन्याखाली मावतील तेवढ्या सायकली. गल्लीत सम-विषम होतं. विषम तारखेला मारुतीच्या देवळाच्या बाजूला, सम तारखेला दवाखान्याच्या. सकाळी उठून बाजू बदलू म्हणाल तर समोर जागा शिल्लक नसायची. म्हणून गल्लीतले समस्त बाबालोक रात्री बाराच्या सुमारास खाली उतरायचे. लेंगा, बनियन, हातात किल्ली. एकाने गाडी काढायची, दुसऱ्याने सरकवायची, तिसऱ्याने मागे उभं राहून "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या, बास बास!" करायचं. गाड्या लागल्या की घरी कोणी जायचं नाही. तिथेच कट्टा. मॅच, पेन्शन, कुणाच्या मुलाला कुठे ॲडमिशन. माझ्या आत्तेबहिणीचं स्थळ त्या कट्ट्यावर आलं.

आणि ३१ तारीख! ३१ पण विषम, १ पण विषम, गाडी हलवायचं कारणच नाही. त्या रात्री बाबांना करमायचं नाही. "जरा बघून येतो, गाडी नीट लागलीये का" म्हणून उतरायचे. खाली बाकीचेही आपापली गाडी नीट लागलीये का ते बघायला आलेले असायचे.

तर तुमच्याकडे काय? पालिकेने, पोलिसांनी, सोसायटीने काय ठरवलं आणि खरं काय झालं ते लिहा. राजकारण नको. (माहितेय कोणी ऐकणार नाही.)

चिंगीची_आई
हाहाहा ३१ तारीख 😂 लीप इयरचा फेब्रुवारी विसरलीस, २९ आणि १! कुकर लावलाय, नंतर सविस्तर लिहिते.

शनिवारवाडकर
"कोणी ठरवलं" याचं उत्तर देतो. पाटी पालिकेची, आदेश वाहतूक पोलिसांचा. वाहतूक शाखेचे उपायुक्त आधी तात्पुरता आदेश काढतात, हरकती-सूचना मागवतात, त्याची बातमी पेपरात आतल्या पानावर चार ओळींत येते. हरकत कोणी घेत नाही. मग आदेश कायम होतो, पाटी लागते, आणि तेव्हा गल्ली जागी होते. पाटी लागल्यावर ग्रुपवर बोंबलण्यात अर्थ नाही, त्या चार ओळी वाचा.

बाकी पालिकेने स्वतः ठरवलं तेव्हा काय झालं तेही आठवा. २०१८ च्या मार्चमध्ये पार्किंग धोरण मुख्य सभेत आलं, विरोधकांनी रान उठवलं. शेवटी ठरलं काय, तर पाच रस्त्यांवर प्रायोगिक पे अँड पार्क. त्यानंतर ते धोरण कितीतरी वर्षं पार्क करूनच ठेवलं होतं, तेही फुकट. पुढे २०२२ च्या मार्चमध्ये पालिकेची मुदत संपली, मग कितीतरी दिवस नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता. भांडणार तरी कुणाशी होतो?

निशिगंध_पुणे
@शनिवारवाडकर काका, राजकारण नको म्हटलं होतं ना 🙏

शनिवारवाडकर
हे राजकारण नाही, इतिहास आहे.

मुग्धा_के
आमच्या कॉलनीत एक फियाट होती. होती म्हणजे माझ्या शाळेपासून होती. चारही टायर बसलेले, डिकीवर शेवाळ, बॉनेटच्या फटीतून पिंपळाचं रोप. खाली कुत्रीची बाळंतपणं. तिच्यामागे दोन गाड्यांची जागा अडलेली, कारण ती जरा तिरकीच मेली होती.

कॉलनीवाल्यांनी अर्ज केला. एक माणूस आला, काचेवर "बेवारस वाहन" अशी नोटीस खळीने चिकटवून, फोटो काढून गेला. तो कोपऱ्यावर वळायच्या आत पहिल्या मजल्यावरच्या आजी बादली घेऊन उतरल्या. ओल्या फडक्याने आधी नोटीस भिजवली, नखाने कडा सोडवली, सोलून काढली, मग "आता हात लागलाच आहे तर" म्हणून सगळी काच पुसली. पिंपळालाही तांब्याभर पाणी. म्हणाल्या, "मी जिवंत असताना बेवारस कशी?" आजोबांची गाडी होती ती, आजींनी पिवळी साडी नेसून तिच्यात पहिल्यांदा बसल्याचा फोटोही दाखवला आम्हाला. परत नोटीस, परत बादली. नंतर नंतर तो माणूस नोटीस आजींच्याच हातात द्यायचा आणि चहा पिऊन जायचा.

आजी गेल्यावर मुलाने भंगारात दिली. त्या जागेवर आता कचऱ्याचे डबे असतात, म्हणजे पार्किंग वाढलं नाहीच.

कोकणातला_बापू
@मुग्धा_के 👌👌 "तिरकीच मेली होती" 😂😂

पार्लेकर_जुना
मुंबईचं लिहितो. लोकल गच्च आहे, ठाण्यापर्यंत जेवढं होईल तेवढं.
२०१९ चा जुलै. पालिकेने जाहीर केलं की सार्वजनिक वाहनतळापासून ५०० मीटरच्या आत रस्त्यावर गाडी सापडली तर दंड. आणि दंड कसा, तर चारचाकीला १० हजार! आमच्या बिल्डिंगमध्ये हाहाकार. तोवर वाहनतळ कुठे आहे हेच निम्म्यांना माहीत नव्हतं. एक काका मोबाइलवर नकाशा उघडून ५०० मीटर मोजत गच्चीवर फिरत होते. आमची बिल्डिंग कडेवर निघाली, ए विंग आत, बी विंग बाहेर. ए विंगवाले रात्री बी विंगच्या बाजूला गाड्या लावायला लागले, बी विंगने गेटला साखळी घातली. पाच वर्षं एकत्र गणपती बसवणारी माणसं.
आणि त्याच महिन्यात खुद्द महापौरांची गाडी विलेपार्ल्यात नो पार्किंगमध्ये उभी, फोटो सगळीकडे. आमच्या ग्रुपवर तो फोटो अजून अधूनमधून येतो

अनघा७७
ठाणे आलं वाटतं.

गोडबोले_नव्हे
दंडाचा विषय निघालाच आहे तर टोइंगचं सांगतो. दुचाकीची पावती आधी ४३६ ची फाटायची, दंड वाढल्यावर ७८५. मला हा आकडा पिनकोडसारखा पाठ आहे. कारण विचारू नका.

चिंगीची_आई
@गोडबोले_नव्हे विचारलं. 😄

गोडबोले_नव्हे
बायको हा धागा वाचते.

टेम्सकाठ
इथे लंडनला उलटी गंमत. काउन्सिलने आमच्या रस्त्यावर परमिट झोन आणायचं ठरवलं तेव्हा आधी घरोघरी पत्रकं टाकली. हवं की नको, कोणत्या वेळात हवं, शनिवार धरायचा का. नवऱ्याने नेहमीप्रमाणे ते पत्रक पिझ्झाच्या जाहिरातींबरोबर फेकून दिलं. पलीकडच्या रस्त्याने "हो" म्हटलं, आमच्याने "नको". झालं! त्यांच्याकडे परमिट लागल्यावर तिकडच्या सगळ्या फुकट्या गाड्या आमच्या दारात. पुढच्या फेरीत आमच्या रस्त्यानेही मुकाट "हो".

आता आमच्याच दारात आमचीच गाडी लावायला वर्षाचे पैसे, आणि पाहुण्यांसाठी वेगळी व्हिजिटर परमिटं. गणपतीला आरतीला कोण गाडीने येणार याची मी आधी यादी करते. मोदकांची नंतर. सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्यांना हे समजावताना माझी दमछाक. "आपल्याच दारात पैसे? मग घर कशाला घेतलं?"

एक मात्र आवडतं. दंड काउन्सिलच लावते, १४ दिवसांत भरला तर निम्मा, आणि पार्किंगमधून उरलेला पैसा रस्ते-वाहतुकीसारख्या ठरावीक कामांनाच वापरायचा असा कायदा आहे. आपल्याकडे पाटी एकाची, पावती दुसऱ्याची, क्रेन तिसऱ्याची.

सुमा_नागपूर
आमच्याकडे मे महिन्यात पार्किंगचं भांडण नसतं, सावलीचं असतं. पार्किंगची जागा रिकामी पडली असते आणि सगळ्या गाड्या कडुनिंबाखाली एकावर एक. मागच्या उन्हाळ्यात समोरच्या काकूनं सकाळी सहालाच आपल्या झाडाखाली खाट टाकून ठेवली, लेक ऑफिसातून येईपर्यंत. त्या खाटेवर कोणाची हिंमत नाही जी.

टोक्योतला_साताऱ्याचा
जपानात गाडी घ्यायच्या आधी जागा दाखवावी लागते. १९६२ चा कायदा आहे. घरापासून २ किलोमीटरच्या आत जागा हवी, त्याचा नकाशा काढून पोलीस ठाण्यात द्यायचा, ते येऊन बघून जातात, मग दाखला. माझी जागा मोजायला आलेला पोलीस टेप घेऊन वाकला, मी सवयीने म्हटलं "चहा घेणार का?" तो घाबरलाच.
रस्त्यावर रात्रभर गाडी ठेवणं हा प्रकारच नाही.

शनिवारवाडकर
आपल्याकडेही २०२५ च्या जानेवारीत परिवहनमंत्र्यांनी हेच बोलून दाखवलं होतं, पार्किंगचा दाखला नसेल तर नोंदणी नाही. आमच्या पेठेत तो दाखला कोण देणार ते बघायला मला जगायचंय.

कोकणातला_बापू
@शनिवारवाडकर दाखल्याचे एजंट आधी तयार होतील, नियम नंतर.

रेवती_आर
सगळे हसताय म्हणून लिहायला नको वाटत होतं, पण लिहिते.
आमच्या गल्लीत एका बाजूला पार्किंग मंजूर आहे, लोक दोन्ही बाजूला लावतात. गेल्या दिवाळीनंतर तिसऱ्या मजल्यावर शॉर्टसर्किट झालं. अग्निशमनची गाडी कोपऱ्यापर्यंत आली आणि वळेना. नेमकी वळणावर एक ऑल्टो. हॉर्न वाजवले, मालक सापडेना. शेवटी पोरांनी, इस्त्रीवाल्या भय्याने, माझ्या नवऱ्याने मिळून ती उचलली आणि दुकानाच्या पायरीवर ठेवली. उचलताना तिचा अलार्म वाजायला लागला तो थांबेना. वर धूर, खाली तो अलार्म. कुणाला काही झालं नाही, नशीब. पडदे आणि एक कपाट गेलं.
मालक तासाभराने आला. पहिलं वाक्य: "ओरखडा कोणी पाडला?"
पाटी काल होती तिथेच आहे. गाड्याही.

चिंगीची_आई
@रेवती_आर बाप रे. अंगावर काटा आला गं. आणि तो काय माणूस आहे!!

अनघा७७
@रेवती_आर माझ्या सासऱ्यांची व्हीलचेअर आहे. फुटपाथ आहे आमच्याकडे, चांगला रुंद. त्यावर गाड्या आणि आम्ही रस्त्यावर. त्या कट्टा-बिट्टा आठवणी गोड आहेत पण रस्ता कुणाच्या गाडीचं अंगण नाही असं मला वाटतं. राग मानू नये.

निशिगंध_पुणे
@अनघा७७ राग कसला. बरोबरच आहे.

फोंतेनासची
पणजीहून. नोव्हेंबरात इफ्फी, म्हणजे फिल्म फेस्टिव्हल, आला की आमच्या वाड्यात (वस्तीत) पाय ठेवायला जागा नसते. एरवीही पर्यटक माझ्या दारासमोर गाडी लावतात आणि माझ्याच दाराचा फोटो काढतात. परवा एकाने मला हाताने खूण केली, "आंटी, जरा बाजूला". माझ्या घराच्या पायरीवरून!

चिंगीची_आई
😂😂😂 आंटी

बायलॉज_बाबा
रस्त्याचं पालिका बघेल, सोसायटीच्या आतलं बोला. २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की बिल्डरला स्टिल्ट (इमारतीखालचं, खांबांमधलं) आणि उघडं पार्किंग विकता येत नाही, ते सोसायटीचं. तरीही आमच्याकडे "विकत घेतलेल्या" जागांचे स्टॅम्पपेपर नाचवणारे तीन सभासद आहेत. मग जनरल बॉडीत ठरलं की चिठ्ठ्या टाकायच्या. ज्याच्याकडे वाहन आहे त्याचीच चिठ्ठी. तळमजल्यावरच्या नानांकडे वाहन नाही. नानांनी काय करावं? सभेच्या आदल्या आठवड्यात सेकंडहँड नॅनो घेतली. लायसन्स नाही, येत नाही, मेकॅनिकने आणून लावली. चिठ्ठी निघाली नानांची! आता रोज संध्याकाळी नाना तिच्यात बसून रेडिओ ऐकतात. कुणी आक्षेप घेतला तर वायपर चालवून दाखवतात.

गोडबोले_नव्हे
नानांना दंडवत.

पार्लेकर_जुना
घरी पोचलो. @निशिगंध_पुणे त्या आत्तेबहिणीचं पुढे काय झालं? जुळलं का?

निशिगंध_पुणे
जुळलं की! मुलाकडे सिंहगड रोडला कव्हर्ड पार्किंग होतं, आत्याने पत्रिकाच बघितली नाही. 😄

मुग्धा_के
@बायलॉज_बाबा विषय निघाला म्हणून विचारते, आमच्या स्टिल्टमध्ये उंदीर गाडीच्या वायरी कुरतडतात. काय करायचं? दोनदा वर्कशॉपला नेली.

बायलॉज_बाबा
बॉनेटमध्ये तंबाखूची पानं ठेवा, सुटी, पुडीतली नको.

सुमा_नागपूर
डांबरगोळ्या ठेवा पण एसीतून वास येते बरं का.

कोकणातला_बापू
तंबाखू ठेवून बघितली. चार दिवस बंद होते, पाचव्या दिवशी पानं पण गेली आणि हॉर्नची वायर पण.

चिंगीची_आई
कुकरचं विसरलेच मी!! वरण करपलं. आले.