मदत हवी आहे: आईची रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, व्हिटॅमिन डी३ + के२ चालेल का?

नमस्कार मंडळी,

आई ६८ वर्षांची. नऊ वर्षांपूर्वी हृदयातला मायट्रल व्हॉल्व्ह (झडप) बदलला, धातूचा बसवलाय. तेव्हापासून रोज संध्याकाळी रक्त पातळ करायची गोळी अ‍ॅसेनोकुमॅरॉल आणि दर महिन्याला आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी; आकडा कमी म्हणजे रक्त लवकर गोठतं). तो २.५ ते ३.५ मध्ये ठेवायचा असतो. पालेभाज्या बंद नाहीत, पण 'जेवढी खाता तेवढीच खात जा' असं डॉक्टरांनी बजावलंय. मागच्या हिवाळ्यात शेतावरून मेथी आली, आठवडाभर रोज भाजी-पराठे झाले, तर आयएनआर थेट १.९!

आता गुडघे-कंबर दुखते म्हणून तपासलं तर व्हिटॅमिन डी खूपच कमी, ११ निघालं. आठवड्याला ६०,००० युनिटची एक पुडी, ८ आठवडे. दोन झाल्या.

तेवढ्यात न्यू जर्सीच्या मावसबहिणीने बाटली पाठवली. एका कॅप्सूलमध्ये डी३ ५,००० युनिट आणि के२ (एमके-७) १०० मायक्रोग्रॅम. ताईचं म्हणणं, नुसतं डी घेतलं की कॅल्शियम रक्तवाहिन्यांत साचतं, के२ ते हाडांकडे वळवतं; आणि भाजीतलं ते के१, हे वेगळं. आई म्हणते, एवढ्या लांबून आलंय, फुकट का घालवायचं? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १
मी दोन वर्षं हेच घेतोय. काहीही त्रास नाही. बिनधास्त द्या.

प्रतिसाद २
वरच्या दादा, तुम्ही रक्त पातळ करायची गोळी घेता का? नसाल तर तुमचा अनुभव इथे लागू नाही.

मी औषधांच्या दुकानात बसते, म्हणून स्पष्ट लिहिते: ही कॅप्सूल काकूंना देऊ नका. रक्त गोठायला व्हिटॅमिन के लागतं; वापरलेलं के यकृत पुन्हा कामाला लावतं. त्यांची गोळी नेमकं तेच अडवते. बाहेरून के आलं की, के१ असो वा के२, गोळीचा जोर कमी होतो. एमके-७ तर रक्तात काही दिवस रेंगाळतं, त्यामुळे सकाळी एक, संध्याकाळी एक असं अंतर ठेवूनही उपयोग नाही. धातूच्या व्हॉल्व्हवर गुठळी झाली तर थेट पक्षाघाताची भीती.

नुसत्या डीचं म्हणाल तर ८ आठवड्यांच्या कोर्ससाठी के२ जोडीला हवंच असं नाही. धोका जास्त डीचा असतो, आणि या कॅप्सूलने आठवड्याला आणखी ३५,००० युनिट वाढतील. आमच्याकडे लोक आठवड्याची पुडी रोज घेतात, मग मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान घेऊन येतात. पुडी जेवणानंतर दुधातून द्या. रक्तातलं कॅल्शियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) कधी बघायचं ते डॉक्टरांना विचारा.

धागाकर्ती
ताई, खूप आभार. आईला खोदून विचारलं तर रविवारपासून चार कॅप्सूल पोटात गेल्यात! 'सुरुवात तर करून बघावी' म्हणे.

प्रतिसाद २
तिच्या हृदयाच्या डॉक्टरांना आत्ता फोन करा. अ‍ॅसेनोकुमॅरॉल स्वतःहून वाढवू नका.

धागाकर्ती
केला फोन. आज सकाळी आयएनआर केला, २.१ आलाय. त्यांनी डोस थोडा बदललाय, तीन दिवसांनी परत तपासायचंय. बाटली माझ्या कपाटात कुलूपबंद. न्यू जर्सीच्या ताईला न दुखावता काय सांगायचं, तेवढं कोणीतरी सुचवा.