मदत हवी आहे: गोल्फच्या सहलीत नवख्यांना कसं सामावून घ्यावं?
नमस्कार मंडळी. परदेशात आमच्या विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांचं छोटंसं मंडळ आहे. वर्षातून एकदा गोल्फ आणि संध्याकाळी सगळ्यांचं एकत्र जेवण. यंदा आयोजन माझ्याकडे आलंय. २४ जण खेळणार, त्यातले ९ अगदी नवखे.

गेल्या वेळी एक नवी मुलगी तिसऱ्या होलला वाळूच्या खड्ड्यात अडकली. सात फटके मारूनही चेंडू बाहेर येईना, आणि मागचा गट कमरेवर हात ठेवून ताटकळत उभा. ती जेवायला थांबलीच नाही. ते मला अजून लागून राहिलंय.

स्टेबलफर्डमध्ये, म्हणजे प्रत्येक होलला गुण मिळण्याच्या पद्धतीत, होल हाताबाहेर गेला की चेंडू उचलून, शून्य गुण घेऊन पुढे जाता येतं. पण नवख्यांकडे हँडिकॅपच (खेळाडूच्या कुवतीनुसार मिळणारी फटक्यांची सूट) नाही. सरसकट कमाल ५४ धरावा का? की चौघाचौघांचा स्क्रॅम्बल बरा, म्हणजे सगळ्यांनी मारायचं आणि सर्वांत चांगल्या चेंडूपासून पुढे खेळायचं? जुन्या खेळाडूंना मात्र स्वतःचा स्कोअर हवा असतो.

शिवाय १८ होल संपेपर्यंत चार-साडेचार तास न खेळणाऱ्या घरच्यांनी काय करायचं? शॉटगन स्टार्ट घेतला, म्हणजे सगळ्या गटांनी एकाच वेळी वेगवेगळ्या होलवरून सुरुवात केली, तर सगळे एकदमच परततील, पण एवढ्या कमी लोकांसाठी क्लब तयार होतात का? ज्यांनी असं आयोजन केलंय त्यांनी कृपया सांगा.