नंबर ४ रंध्यासाठी सागवानी पेटी: सांधा कुठला, अस्तर लावावं का, गंज कसा टाळावा?

खाडीपट्टा:
नंबर ४ च्या लोखंडी रंध्यासाठी सरकत्या झाकणाची पेटी करायची आहे. रंध्याची मापं: लांबी २४५ मिमी, तळाची रुंदी ६३, तळापासून मुठीच्या टोकापर्यंत १३५. लाकूड म्हणजे जुन्या दरवाजाच्या सागवानी फळ्या, ८ इंच रुंद आणि पाऊण इंच जाड. एका बाजूला जुना ऑइल पेंट आहे. हत्यारं: बारीक दातांची करवत, ६ आणि १२ मिमीची पटाशी, गुण्या, मार्किंग गेज आणि हाच रंधा. मशीन नाही, खोबणीचा रंधाही नाही.

घर रत्नागिरी तालुक्यात, खाडीच्या अगदी काठाला. सध्या रंधा फेल्ट (जाड, दाबलेलं लोकरी कापड) चिकटवलेल्या प्लायच्या डब्यात असतो आणि जिथे फेल्ट टेकतं तिथेच तळाला गंजाचे ठिपके येतात. म्हणून विचारतो:
१) डव्हटेल (पारव्याच्या शेपटीसारख्या दात्यांचा सांधा) न करता टिकेल असा सांधा कोणता?
२) आत मखमल, फोम असं काही लावावं की नाही?
३) झाकण जुलैत अडकू नये म्हणून फट किती ठेवू?

गुण्यातला:
आधी फळ्यांबद्दल. जुना पेंट कोरडा घासू नका. त्यात शिसं असू शकतं आणि ती धूळ नाकातोंडात जाते. ओलं करून खरवडून काढा, तोंडाला मास्क लावा. रंधा मारण्याआधी फळीवरून लोहचुंबक फिरवा, दरवाजाच्या फळीत मोडलेले चुके (बारीक खिळे) हमखास सापडतात आणि एकच चुका पात्याला खाच पाडतो. फळीच्या कडेला पांढरट पट्टा असेल तर तेवढा कापून टाका. साग टिकतो तो गाभ्यामुळे, पांढऱ्या भागाला कीड लागते.

जाडी १५ मिमीवर आणा. १२ करायचा मोह होईल, पण हाताने ७ मिमी काढणं म्हणजे दोन दिवसांची मेहनत. शिवाय खाली सांगितलेल्या सांध्याला १५ च बरी पडते.

आतलं माप २५५ × ७५ × १४५ धरा. बाहेरून पेटी २८५ × १०५ × १७० होईल. तुकडे असे:
- लांब बाजू २: २८५ × १७०
- मागची बाजू १: ९१ × १७०
- पुढची बाजू १: ९१ × १५७ (झाकण हिच्यावरून सरकतं, म्हणून बुटकी)
- तळ: ६ मिमी प्लाय, ८४ × २६४
- झाकण: २७४ × ८३, जाडी १२

सांधा रिबेटचा करा. लांब बाजूंच्या दोन्ही टोकांना आतून १५ मिमी रुंद आणि ८ मिमी खोल पायरी काढायची आणि आखूड बाजू त्यात बसवायची. तळासाठी चारही बाजूंना खालून ६ मिमी सोडून ६ रुंद, ५ खोल खोबण. झाकणासाठी वरून ७ मिमी सोडून तशीच खोबण दोन्ही लांब बाजूंना आणि मागच्या बाजूला. पायरी ८ खोल आणि खोबण ५ च, त्यामुळे खोबणीचं भोक पेटीच्या टोकाला दिसत नाही. या सांध्याचा मोठा फायदा हाच. डव्हटेलमध्ये हे भोक लपवायला वेगळी कसरत करावी लागते.

खोबण ६ मिमीची घेतली कारण तुमची पटाशी ६ ची आहे. गेजच्या दोन रेघा आधी धारदार सुरीने खोल कापून घ्या, मग रेघेच्या आत करवतीने ५ मिमीपर्यंत आणि मधलं पटाशीने. करवत सरळ राहावी म्हणून रेघेला लागून एक सरळ रिप क्लॅम्पने आवळा. प्लाय घेताना जाडी मोजून घ्या: ६ मिमी म्हणून मिळणारी बऱ्याचदा साडेपाचच भरते आणि तळ खडखडतो. तसं असेल तर खोबण तेवढीच अरुंद करा.

चिकटवताना सागाचा तेलकटपणा आड येतो. सांध्याच्या जागी रंध्याचा किंवा पटाशीचा ताजा हात मारा, थिनरच्या फडक्याने पुसा, वाळलं की लगेच पाण्याला टिकणारा फेव्हिकॉल लावा. आदल्या दिवशी तासून ठेवलेल्या पृष्ठभागावर पकड कमी बसते. क्लॅम्प नसेल तर चारी बाजूंनी सुती दोरीचे दोन वेढे घ्या आणि मध्ये काठी घालून पीळ द्या. कोपऱ्यांवर जाड पुठ्ठा ठेवा, नाहीतर दोरी सागात रुतते. दोन्ही कर्ण मोजा, १ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर लांब कर्णाच्या दिशेने दाबून सरळ करा.

वाळल्यावर प्रत्येक कोपऱ्याला बांबूच्या ३ खुंट्या: ४ मिमीचं भोक, २५ मिमी खोल, थोडं तिरपं. बांबू भरीव आणि जून घ्या. लोखंडी चुके नकोतच, दमट हवेत सागात त्यांच्याभोवती काळा डाग पसरतो. पितळी स्क्रू वापरायचे असतील तर आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू पिळून वाट करा, तो काढा आणि पितळीला मेण लावून बसवा. पितळी स्क्रू थेट पिळलात तर डोकं तुटून हातात येतं.

चपडा_आणि_मेण:
वरची मापं बरोबर आहेत, पण एक जागा राहिली आणि ती चुकली तर पेटी उघडीच दिसेल. पुढच्या टोकाची पायरी पूर्ण उंचीची काढू नका. पुढची बाजू १५७ ची आहे, म्हणून पायरी खालून १५७ पर्यंतच. वरचे १३ मिमी अखंड ठेवा. पायरी वरपर्यंत नेलीत तर तिथे खोबणच उरत नाही, शेवटचे १५ मिमी झाकण दोन्ही बाजूंनी अधांतरी राहतं आणि कोपऱ्यात भोक दिसतं. अडवलेली पायरी करवतीने सलग कापता येत नाही. आधी वरच्या टोकाला पटाशीने आडवी खाच पाडून घ्या आणि तिथून खाली कापत या.

झाकणाचा हिशेब. सागाची फळी ओलाव्याच्या दर टक्क्यामागे रुंदीत साधारण ०.२ टक्के फुगते, तेही टोकाकडून पाहिल्यावर झाडाच्या वाढीची वलयं आडवी दिसत असतील तर. वलयं उभी असतील तर फुगणं याच्या साधारण निम्मं. कोरड्या एप्रिलपासून भर पावसापर्यंत उघड्या लाकडाचा ओलावा ८ ते १० टक्क्यांनी चढू शकतो. म्हणजे ८३ मिमीचं झाकण आडव्या वलयांत सुमारे दीड मिमी वाढेल, उभ्यांत अर्धा-पाऊण. म्हणून झाकणाला उभ्या वलयांचा तुकडा शोधून ठेवा. लांबीकडे लाकूड जवळजवळ वाढत नाही, तिथे १ मिमी पुरे.

खोबणीपासून खोबणीपर्यंत ८५ भरतात. उन्हाळ्यात करत असाल तर झाकण ८३ बरोबर आहे. पावसात करत असाल तर ८४.५ ठेवा: लाकूड आधीच फुगलेलं आहे, मे महिन्यात ते आपोआप सैल होईल. कडेची जीभ (खोबणीत सरकणारा पातळ भाग) साडेपाच मिमी जाड आणि तेवढीच रुंद, मागच्या टोकालाही तशीच. वरचा उंच भाग ७२ रुंद राहील, तोंड ७५ चं आहे, घासणार नाही. खोबणीत पॉलिश किंवा फेव्हिकॉल जाऊ देऊ नका. साधी मेणबत्ती घासा, बस्स.

दमट_हवा:
प्रश्न २ बद्दल. फेल्ट काढून टाका आणि नवीन पेटीत कुठलंच कापड, फोम, मखमल लावू नका. कापड हवेतला ओलावा धरून ठेवतं, हाताच्या घामातलं मीठही त्यात साठतं, आणि ते ओलं फडकं लोखंडाला सतत चिकटून असतं. ठिपके टेकणाऱ्या जागीच येतात ते त्यामुळे. अस्तर चिकटवायला व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन तर अजिबात नको, वाळताना त्यातून ॲसेटिक आम्ल सुटतं.

रंधा ५ मिमी जाडीच्या ३ आडव्या सागवानी पट्ट्यांवर टेकवा: एक पुढच्या टोकाजवळ, एक पात्याच्या तोंडामागे, एक मुठीखाली. तोंडाखाली पट्टी येऊ देऊ नका आणि ठेवताना पातं आत ओढून घ्या. १४५ उंचीत ५ ची पट्टी आणि १३५ चा रंधा बसून वर ५ मिमी उरतात. दोन्ही बाजूंना २० मिमी उंच, ५ मिमी जाड पट्ट्या लावा म्हणजे रंधा आडवा हलणार नाही. पुढेमागेही एकेक ठोकळा: पुढे ५ मिमीचा, मागे ४ चा, म्हणजे १ मिमी ढील राहते.

आता सिलिका जेल, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या दाण्यांची पुडी. इथे बऱ्याच जणांचा अंदाज चुकतो. या पेटीत जेमतेम पावणेतीन लिटर हवा मावते. ३० अंशांना ती पूर्ण दमट असली तरी त्यात पाणी ०.१ ग्रॅमपेक्षा कमी. खरं पाणी लाकडात असतं. पेटीचा साग साधारण १.४ किलो, म्हणजे ओलाव्याचा १ टक्का म्हणजेच १४ ग्रॅम पाणी. पावसाळ्यात ९ टक्के चढला तर सव्वाशे ग्रॅम. ५० ग्रॅमची सिलिका जेलची पुडी फार तर १५ ग्रॅम ओढेल, आठवड्यात भरून जाईल. लाकडी पेटी कोरडी ठेवणं हे तिचं काम नाही. ती पुडी घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात चालते.

पेटीचा उपयोग वेगळा आहे: लाकूड हवेतला चढउतार सावकाश करतं, म्हणून सकाळी गार लोखंडावर दव धरत नाही. तो चढउतार आणखी सावकाश व्हावा म्हणून आतून चपडा (लाखेचं पॉलिश) लावा. २०० मिली स्पिरिटात ४० ग्रॅम चपडा रात्रभर विरघळू द्या, गाळा आणि पातळ ३ हात मारा. पाऊस धरलेल्या दिवशी मारू नका, पांढरट ढग येतो. आतून जवसाचं तेल नको, ते आठवडेच्या आठवडे वाळत राहतं आणि बंद पेटीत त्याची वाफ कोंडते.

लोखंड वाचवणारी खरी गोष्ट म्हणजे तेलाचा पातळ थर. शिलाई मशीनचं तेल फडक्यावर ४-५ थेंब, तळ, बाजू आणि पात्याचा मागचा भाग पुसून घ्या. खोबरेल घरात असतंच म्हणून लावलं जातं, पण ते खवट होतं आणि त्यात आम्ल तयार होतं. कापराची वडी ठेवायची तर ठेवा, पण तेल पुसायचं तिच्या भरवशावर सोडू नका.

खाडीपट्टा:
पायरी १५७ ला अडवायची हे लक्षातच आलं नव्हतं, बरं झालं आधी विचारलं. एक शंका: काम आता जूनमध्येच करणार, फळ्या दोन वर्षं माळ्यावर आहेत. लगेच कापू का? आणि झाकण ओढायला वर मूठ लावू की अंगठ्याची खाच पाडू?

चपडा_आणि_मेण:
माळा पत्र्याखाली असेल तर वरचं लाकूड खालच्या खोलीपेक्षा कोरडं असणार. जिथे पेटी राहणार त्याच खोलीत फळ्या दोन आठवडे उभ्या ठेवा, मध्ये रिपा घालून, भिंतीला न टेकवता. जाडी १५ वर आणल्यावर पुन्हा दोन-तीन दिवस थांबा. तासल्यावर आतला ताण मोकळा होतो आणि फळी थोडी वाकते, ती वाकल्यानंतरच शेवटचा हात मारा. झाकणाचा तुकडा सगळ्यात शेवटी, पेटी चिकटून वाळल्यावर, प्रत्यक्ष खोबणीच्या मापाने काढा.

मूठ नको, पेट्या एकावर एक ठेवता येणार नाहीत. पुढच्या टोकापासून ३५ मिमीवर अंगठ्याची खाच पाडा: २५ रुंद, ४ खोल, पुढच्या बाजूला उभी कड आणि मागे उतार. बोट त्या उभ्या कडेला अडकतं आणि झाकण पुढे ओढलं जातं. उलट पाडलीत तर बोट घसरतं. १२ मिमी जाडीत ४ खोल गेलं तरी खाली ८ उरतात.

दमट_हवा:
जूनमध्येच करताय, पण माळ्यावरचं लाकूड पुरतं फुगलं असेल तरच झाकण ८४.५ चं, नाहीतर ८३ चं. आणि चपड्यासाठी दोन कोरड्या दुपारी राखून ठेवा, सांधे जोडायच्या आधी आतल्या बाजूंना मारून घेतलं तर कोपऱ्यात ब्रश घालायची वेळ येत नाही. फक्त पायरीवर आणि आखूड बाजूंच्या टोकांवर कागदी टेप लावा, चपड्यावर फेव्हिकॉल धरत नाही.