लेझर, लष्कर आणि गॉर्डन गूल्ड

लष्कराने पैसा ओतला म्हणून लेझर आला, असं म्हटलं जातं. मेझरपुरतं, म्हणजे लेझरच्या आधीच्या, प्रकाशाऐवजी सूक्ष्मलहरींवर चालणाऱ्या उपकरणापुरतं, ते पटतं. मेझर बनवणाऱ्या चार्ल्स टाउन्सच्या कोलंबिया विद्यापीठातल्या प्रयोगशाळेला अमेरिकी सैन्यदलांचाच पैसा होता. पण लेझरची कल्पना मांडणाऱ्या गॉर्डन गूल्ड या भौतिकशास्त्रज्ञाचं काय झालं पाहा. १९५९ साली तो नोकरीला असलेल्या कंपनीने 'आर्पा'कडे, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेकडे, ३ लाख डॉलर मागितले, मिळाले जवळपास १० लाख. आणि काम गोपनीय ठरलं! गूल्डचा पूर्वी कम्युनिस्टांशी संबंध आलेला, म्हणून स्वतःच्याच कल्पनेवर चाललेल्या कामात त्याला मज्जाव. केवढा अन्याय हा! तिकडे ह्यूजेस या खासगी कंपनीत थिओडोर मेमन या भौतिकशास्त्रज्ञाने कंपनीच्या पैशावर, फोटोग्राफीचा स्प्रिंगसारखा वळवलेला फ्लॅश आणि त्याच्या पोटात माणकाची छोटीशी कांडी एवढ्यावर १६ मे १९६० ला पहिला लेझर चालवून बाजी मारली. गूल्डला ऑप्टिकल पंपिंगचं (म्हणजे प्रकाश पाडून लेझरला ऊर्जा देण्याच्या पद्धतीचं) अमेरिकी पेटंट मिळायला १९७७ उजाडलं.