‘टेल्मीनं किडनी जाते’ म्हणणाऱ्या पोस्टला उत्तर

पूर्णाकाठ:
काल कपाशीवाले भाऊंनी इथं लिहिलं: काकांचं क्रिएटिनिन (रक्तातला हा आकडा चढला की किडनी कमी गाळते असं धरतात) १.६ होतं, टेल्मिसार्टन म्हणजे टेल्मी ही बीपीची गोळी सुरू केल्यावर तीन आठवड्यांत १.९ झालं, म्हणून गोळी बंद केली; किडनी खराब असलेल्यानं बीपीची गोळी घेऊच नये. खाली लोकांनी हात जोडले, पुढं पाठवलं. मला रात्रभर झोप लागली नाही.

माझ्या बाबांना एका पाहुण्यानं हेच सांगितलं होतं. क्रिएटिनिन २.१, लघवीतून प्रोटीन जात होतं. बाबांनी गोळ्यांचं पाकीट फडताळात टाकलं आणि घरात कोणाला बोलले नाहीत. सोयाबीन निघेपर्यंत काही दिसलं नाही. दिवाळीनंतर पाय सुजले, दम लागू लागला. बीपी २१०/११०, क्रिएटिनिन ६. आता आठवड्यातून दोनदा पहाटेच्या एसटीनं मी त्यांना अकोल्याला डायलिसिसला नेतो.

ही गोळी किडनीच्या गाळण्यांतला दाब उतरवते, म्हणून सुरुवातीला क्रिएटिनिन थोडं चढतं. ३० टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर चालवून घेतात. १.६ चं १.९ म्हणजे १९ टक्के. भाऊ, तुम्ही काकांची लागू पडणारी गोळी बंद केली.

कपाशीवाला:
तुमच्या बाबांचं आयकून वाईट वाटलं. पण टक्केवारी मले शिकवू नका. माह्या मोठ्या भावाची किडनी अर्धी गेली होती, त्यालेबी हेच गोळी. सहा महिने चालू, एकदाबी कोणी रक्त काढलं नाही. एक दिवस खाटेवरून उठताच येईना. पोटॅशियम ६.८! हृदय बंद पडलं असतं म्हणे डॉक्टर. मंग काकाले तेच गोळी कशी देऊ?

सिस्टरताई:
प्राथमिक आरोग्य केंद्रात २६ वर्षं काढली आहेत. गोळी सुरू केली किंवा डोस वाढवला की दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम दोन्ही बघायचं असतं. तुमच्या भावाचं बघितलं नाही, ही चूकच. जुलाब-उलट्या लागल्या तर ती गोळी तेवढे दिवस थांबवायची का, हेही डॉक्टरला विचारायचं असतं. एक सांगा, घरात मीठ कोणतं होतं?

कपाशीवाला:
लो सोडियमचं. मेडिकलवाल्यानं दिलतं, बीपीले चांगलं म्हणून.

सिस्टरताई:
त्यात सोडियम कमी करून पोटॅशियम घातलेलं असतं. किडनी अधू, वरून टेल्मी, वरून ते मीठ. पोटॅशियम चढणारच. किडनीवाल्यानं साधंच मीठ खावं, दिवसाला ५ ग्रॅमच्या आत. म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, ठेचा-लोणचं-पापड सगळं धरून.

दहीहांडा:
ताई, आमच्या गावात या आन् हा चमचा मोजून दाखवा. हातपंपाचं पाणी तोंडात धरवत नाही, चहात दूध फाटते. अकोला, बुलडाणा, अमरावती, पूर्णेच्या खोऱ्यातला सारा खारपाणपट्टा असाच. पिढ्या गेल्या हे पाणी पिऊन. माह्या गल्लीतले चार जण किडनीनं गेले. तुम्ही गोळीवर भांडता, पाण्यावर कोणीच बोलत नाही!

बाभूळबन:
चारही पाण्यानंच गेले हे कशावरून? माझे वडील तेच पाणी पिऊन ८१ वर्षांचे झाले. चुलता गेला, तो रोज डायक्लोफेनॅक खायचा. फवारणीचा पंप पाठीवर, दिवसभर ऊन, घोटभर पाणी, रात्री कंबर दुखली की गोळी. सुकलेल्या अंगात दुखण्याची गोळी किडनी मारते, बीपीही वाढवते.

दहीहांडा:
म्हंजे मजुराचाच दोष? त्याची कंबर दुखते तो काय हौसेनं गोळी खाते? आन् घोटभर पाणी का पेते? पेववत नाही म्हणून! गोडं पाणी द्या आधी, मंग त्याच्या कंबरेची गोष्ट काढा.

बाभूळबन:
दोष दिला नाही. चुलता होता माझा. पण पाणी पिववत नाही म्हणून कमी पितात, हे मी धरलं नव्हतं. तेवढं बरोबर आहे तुमचं.

सिस्टरताई:
खाऱ्या पाण्यातलं सोडियमही अंगात जातंच. मी फक्त ताटातलं मोजलं. चुकलं माझं.

नागपूरकर:
मूळ मुद्दा राहिला. बीपी किती ठेवायचं? केडिगो या किडनीविकारांवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शनात वरचा आकडा १२० च्या खाली आहे. गावात १४० आला तरी छान म्हणून घरी पाठवतात, याचा मला राग येतो.

पूर्णाकाठ:
माझ्या मावशीचा १२० करायला गेले आणि ती न्हाणीत चक्कर येऊन पडली. खुबा मोडला.

सिस्टरताई:
१२० हा पाच मिनिटं शांत बसवून, पाठ टेकवून, हात छातीच्या उंचीवर ठेवून मोजलेला आकडा. आमच्याकडे माणूस दोन कोस चालत येतो आणि उभ्याउभ्याच पट्टा बांधतात. त्या आकड्यावर गोळ्या वाढवल्या की म्हातारी माणसं पडतात. १३०/८० च्या आत सोसत असेल तर आधी तेवढं गाठा. आणि उभं करूनही एकदा बीपी बघा.

नागपूरकर:
मोजणीचं मान्य. १४० ला छान म्हणणं मान्य नाही.

कपाशीवाला:
गोळीनं १.९ झालं, हे मी अजूनबी म्हंतोच. पण ते मिठाचं पाकीट काकाच्या घरीबी हाये, आत्ताच फोन करून इचारलं. बुधवारी त्याले अकोल्याले घेऊन येतो. पूर्णाकाठ भाऊ, तुमची एसटी किती वाजता हाये?

पूर्णाकाठ:
पावणेपाचला, फाट्यावरून. बुधवारी आम्ही असतोच. काकांची जुनी गोळी आणि सगळे रिपोर्ट पिशवीत घ्या.